गोठ्यातील घड्याळ



पहाटे धार काढायला गेलेली आई घरात येऊन सांगते, "आज गाय सारखी हंबरते आहे. वैरणीला तोंड लावीत नाही. दूधही रोजच्यापेक्षा कमी दिले." वडील गोठ्यात डोकावून येतात आणि म्हणतात, "माजावर आलेली दिसते." मग गुरांच्या दवाखान्यात फोन होतो. पलीकडून डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतात, "माज कधीपासून आहे?"

घरातील सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आजपासून? की काल रात्रीपासून? कुणालाच नक्की सांगता येत नाही.

तुम्हांला वाटेल, डॉक्टरांनी येऊन गाय भरावी म्हणजे झाले. माज कधीपासून आहे याची एवढी चौकशी कशाला? पण गाय गाभण राहणार की तिची ही खेप फुकट जाणार, हे बरेचसे या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. ते कसे, हे आज आपण पाहू.

माज म्हणजे काय?

एखादा मुलगा उर्मटपणे वागू लागला की आपण म्हणतो, "याला माज आला आहे." पण गायीचा माज म्हणजे मस्ती नव्हे. गर्भधारणेसाठी तिचे शरीर तयार झाल्याची ती खूण आहे. वयात आलेली कालवड किंवा व्यालेली गाय गाभण नसेल, तर साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते. एखादी १८ दिवसांनी येते, तर एखादी २४ दिवसांनी. माज टिकतो मात्र थोडा वेळ, साधारणपणे १२ ते १८ तास. आपल्या खिलार, डांगी, देवणी अशा देशी गायींचा माज पुष्कळदा याहूनही कमी वेळ टिकतो.

हे २१ दिवसांचे घड्याळ चालते कसे? गायीच्या पोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजांडकोश असतात. त्यांपैकी एकावर पाण्याने भरलेल्या फोडासारखी एक पुटिका वाढू लागते. तिच्यात बीजांड असते. पुटिका मोठी होत जाते तसे तिच्यातून ईस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळू लागते. संप्रेरक म्हणजे रक्तावाटे निरोप पोहोचवणारा रासायनिक जासूदच. हा निरोप मेंदूला पोहोचला की गायीचे वागणे बदलते. ती हंबरते, अस्वस्थ होते, इतर गायींच्या मागे फिरते. हाच माज.

त्याच निरोपामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी दुसरे एक संप्रेरक सोडते. त्यामुळे काही तासांनी पुटिका फुटते आणि बीजांड बाहेर पडते. गंमत अशी, की बीजांड बाहेर पडते ते माज चालू असताना नव्हे, तर माज संपून १० ते १२ तास उलटल्यावर! ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

फुटलेल्या पुटिकेच्या जागी पिवळसर गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. तिच्यातून पाझरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाला गर्भ सांभाळण्यासाठी तयार करते आणि नवा माज रोखून धरते. गर्भ राहिला, तर पीतपिंड आपले काम चालू ठेवतो. गर्भ राहिला नाही, तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातूनच प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य सुटते आणि पीतपिंड विरून जातो. लगेच नवी पुटिका वाढते आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर येते. शेतकरी म्हणतो, "गाय उलटली."

वळूचे काम आपल्याकडे आले

पूर्वी गावाच्या कळपाबरोबर वळू हिंडत असे. कोणती गाय माजावर येत आहे हे त्याला वासावरून आधीच कळे. माज कधी सुरू झाला, गाय कधी भरायची, याची चिंता माणसाला नव्हती.

कृत्रिम रेतन सुरू झाले आणि हे चित्र पालटले. या पद्धतीत निवडक, निरोगी वळूचे रेत गोळा करतात, ते पातळ करून त्याच्या मात्रा बनवतात आणि एकेक मात्रा नळीच्या साहाय्याने गायीच्या गर्भाशयात सोडतात. एका वेळच्या रेतापासून शेकडो मात्रा तयार होऊ शकतात. शिवाय वळू व गाय एकत्र येत नसल्यामुळे एका गायीचा रोग दुसरीला लागण्याचा धोका टळतो. भारतात याचा पहिला प्रयोग १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाला.

पण ताजे रेत फार दिवस टिकत नसे. तो प्रश्न सोडवला इंग्लंडमधील ख्रिस्तोफर पोज, ऑड्री स्मिथ व ॲलन पार्क्स या शास्त्रज्ञांनी. ग्लिसरॉल मिसळले तर शुक्रजंतू गोठवल्यानंतरही जिवंत राहू शकतात, हे त्यांनी १९४९ साली जाहीर केले. आता रेत बारीक नळीसारख्या कांडीत भरतात आणि ती कांडी उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. अशा थंडीत ते वर्षानुवर्षे टिकते. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने ही सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली.

उत्तम वळूचे रेत असे थर्माससारख्या भांड्यात बसून गोठ्याच्या दारी आले खरे. पण वळूचे नाक काही त्याबरोबर आले नाही! माज ओळखण्याचे त्याचे काम आता माणसावर येऊन पडले. कांडीतील रेत वर्षानुवर्षे वाट पाहील; गायीच्या पोटातील बीजांड मात्र थांबायला तयार नसते.

तासांचे गणित

ते किती थांबते? बाहेर पडल्यानंतर बीजांड चांगल्या स्थितीत राहते जेमतेम ६ ते १२ तास. गोठवून पुन्हा वितळवलेले शुक्रजंतू गायीच्या शरीरात फार तर दिवसभर तग धरतात. त्यात आणखी एक अट आहे. गायीच्या शरीरात गेल्याबरोबर शुक्रजंतू बीजांडाचे फलन करू शकत नाहीत. त्यासाठी त्यांना काही तास तेथे राहून 'तयार' व्हावे लागते. सस्तन प्राण्यांतील ही गोष्ट अमेरिकेत एम. सी. चँग यांनी आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन यांनी १९५१ साली स्वतंत्रपणे दाखवून दिली.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि एक उदाहरण सोडवा. समजा, सोमवारी सकाळी ६ वाजता माज सुरू झाला आणि रात्री १० च्या सुमारास संपला. बीजांड बाहेर पडेल मंगळवारी सकाळी ८ ते १० च्या दरम्यान.

गाय सोमवारी सकाळी ६ लाच भरली तर? बीजांड यायला अजून सव्वीस-अठ्ठावीस तास आहेत. तोवर बहुतेक शुक्रजंतू मरून गेलेले असतील.

मंगळवारी संध्याकाळी भरली तर? बीजांड येऊन आठ-दहा तास झाले. शुक्रजंतू तयार होईपर्यंत मध्यरात्र होईल आणि तोवर बीजांड निकामी झालेले असेल.

आणि सोमवारी संध्याकाळी ६ ला भरली तर? मध्यरात्रीपर्यंत शुक्रजंतू तयार होतील, बीजांडनलिकेत येऊन थांबतील आणि मंगळवारी सकाळी बीजांड आले की दोघांची गाठ पडेल.

म्हणूनच सोपा नियम असा: सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी गाय भरावी; संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरावी. या नियमामागे १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नेब्रास्का येथे जी. डब्ल्यू. ट्रिंबर्गर यांनी केलेले प्रयोग आहेत. त्यांनी माजाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर गायी भरून पाहिल्या. अगदी सुरुवातीला भरलेल्या गायींपेक्षा माजाच्या मध्यावर व शेवटाकडे भरलेल्या गायी कितीतरी अधिक प्रमाणात गाभण राहिल्या. माज संपून बराच वेळ झाल्यावर हे प्रमाण झपाट्याने घसरले.

आता डॉक्टरांच्या प्रश्नाचे मोल कळले ना? "माज कधीपासून आहे?" म्हणजे "घड्याळात किती वाजले?"

गाय कशी सांगते?

सर्वांत खात्रीची खूण एकच. दुसरे जनावर पाठीवर चढले असता जी गाय न हलता, न पळता शांत उभी राहते, ती माजावर आहे असे समजावे. येथे अनेकांची फसगत होते. चढणारी गाय माजावर असेलच असे नाही. खाली स्थिर उभी राहणारी गाय माजावर असते.

ही खूण पाहायला डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. कारण दुसरे जनावर पाठीवर असते ते दर वेळी अवघे पाच-सात सेकंद. साऱ्या माजातील असे क्षण एकत्र केले तरी बेरीज काही मिनिटांपलीकडे जात नाही! त्यातच या हालचाली रात्री व पहाटे, हवा थंड असताना, अधिक होतात. भर दुपारी गोठ्यात एक चक्कर मारून "गाय माजावर येतच नाही" अशी तक्रार करणे म्हणूनच बरोबर नाही. पहाटे व संध्याकाळी आणि जमल्यास रात्री निजण्यापूर्वी एकदा, दर वेळी वीस ते तीस मिनिटे, दुसरे काम न काढता पाहणे हाच खरा उपाय.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बहुतेक घरी एक-दोनच गायी असतात आणि त्याही दावणीला बांधलेल्या. दावणीच्या गायीवर दुसरी गाय चढणार कशी? अशा वेळी इतर खुणा वाचाव्या लागतात. गाय वारंवार हंबरते, सतत ऊठबस करते, कान टवकारून इकडेतिकडे पाहते. वैरण कमी खाते, दूध कमी देते, थोडी थोडी लघवी वरचेवर करते. योनिद्वार किंचित सुजलेले व लालसर दिसते. आणि महत्त्वाची खूण म्हणजे काचेसारखा स्वच्छ, चिकट, लोंबणारा स्राव. शेतकरी त्याला सोट किंवा बळस म्हणतात. तो शेपटीला व मागच्या पायांना चिकटलेला दिसतो. स्राव पांढरट, पिवळा किंवा दुर्गंधीयुक्त असेल, तर तो माज नसून गर्भाशयाचा आजार असू शकतो. तेव्हा गाय भरण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावी.

शक्य असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ गाय मोकळी सोडावी. इतर गुरांत मिसळली की तिचा माज चटकन ध्यानात येतो.

म्हशीची गोष्ट आणखी अवघड. ती क्वचितच हंबरते आणि इतर म्हशीही तिच्यावर फारशा चढत नाहीत. याला मुका माज म्हणतात. उन्हाळ्यात तर तो अधिकच लपतो. म्हशीच्या बाबतीत सोट, वरचेवर लघवी आणि दूध चोरणे यांवरच बारीक लक्ष ठेवावे लागते.

माज होऊन एक-दोन दिवस झाल्यावर काही गायींच्या शेपटीला थोडे रक्त लागलेले दिसते. हे पाहून घाबरू नका, आणि "आता माज आला" म्हणून गायही भरू नका. माज येऊन गेला, एवढाच त्याचा अर्थ. गाय भरली नसेल, तर ती तारीख लिहून ठेवावी आणि सोळाव्या-सतराव्या दिवसापासून पुन्हा पाळत सुरू करावी.

जेथे गायी शेकड्यांनी असतात

एक गाय पाहायची तर एवढी दक्षता. मग शेकडो गायींचे कळप असतील तेथे काय करत असतील? अमेरिकेतील नेब्रास्का, मोंटाना यांसारख्या राज्यांत मांसासाठी गुरे पाळण्याचा मोठा व्यवसाय आहे. तेथील गायी धार काढण्यासाठी रोज गोठ्यात येत नाहीत. विस्तीर्ण कुरणांत वासरांसह चरत असतात. चारा मुबलक मिळेल अशा बेताने सगळ्या गायी थोड्याच आठवड्यांत विलेल्या मालकाला हव्या असतात. त्यामुळे रेतनाचा हंगामही थोडक्यात आटपावा लागतो. त्या दिवसांत कळप जवळच्या कुरणात आणतात. राखणदार उजाडताना व दिवस मावळताना घोड्यावरून कळपात फिरतो, स्थिर उभ्या राहणाऱ्या गायीच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक टिपतो आणि बारा तासांनी तिला हलकेच कळपातून वेगळी काढतो.

माणसाचे डोळे चोवीस तास उघडे राहू शकत नाहीत, म्हणून काही युक्त्याही निघाल्या. शेपटीच्या मुळाशी जाड रंगीत खडूचा पट्टा ओढतात. इतर गायी पाठीवर चढून गेल्या की तो पुसला जातो. कोठे रंगाची कुपी असलेली पट्टी चिकटवतात. वजन पडले की कुपी दबून पट्टीचा रंग बदलतो. कोठे नसबंदी केलेल्या वळूच्या हनुवटीखाली शाईचा गोळा बांधतात. तो ज्या गायीवर चढेल तिच्या पाठीवर रेघ उमटते. माजावरील गाय एरवीपेक्षा दुप्पट ते चौपट चालते, हे लक्षात आल्यावर तिच्या पायाला पावले मोजणारे यंत्र बांधण्यात आले. आता हालचाल टिपून मालकाच्या फोनवर सूचना देणारे गळपट्टेही मिळतात.

दुसरा मार्ग इंजेक्शनांचा. पीतपिंड विरवणारे प्रोस्टाग्लँडिन बाहेरून टोचले, तर पुष्कळ गायी दोन ते पाच दिवसांत माजावर येतात. संप्रेरकांची इंजेक्शने ठरावीक क्रमाने देऊन, माज न पाहताच नेमक्या तासाला गायी भरण्याच्या पद्धतीही आता वापरात आहेत. पण त्यांना खर्च येतो आणि त्या पशुवैद्याच्या देखरेखीखालीच कराव्या लागतात. चुकून गाभण गायीला प्रोस्टाग्लँडिन टोचले, तर तिचा गर्भ पडू शकतो! एक-दोन गायींच्या मालकाला लक्ष देऊन पाहणारे डोळे हेच सर्वांत स्वस्त साधन.

एक माज चुकला तर?

"या खेपेला राहिले, तर पुढच्या खेपेला पाहू," असे तुम्ही म्हणाल. पण हिशेब करून पाहा. गायीने वर्षाला एक वासरू द्यावे अशी अपेक्षा असते. वर्षाचे दिवस ३६५. गाय गाभण राहते सुमारे २८० दिवस. उरले ८५. व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी गायीला सुमारे ६० दिवस विश्रांती दिली, तर हातात राहिले फक्त २५ दिवस. माज येतो २१ दिवसांनी. म्हणजे या काळात गाय माजावर येणार बहुधा एकदाच, फार तर दोनदा! शिवाय वेळेवर भरलेली प्रत्येक गाय गाभण राहतेच असेही नाही.

माज एकदा चुकला की पुढचे वेत तीन आठवड्यांनी लांबले. दोनदा चुकला की सहा आठवड्यांनी. तेवढे दिवस वैरण, पेंड, पाणी सारे द्यायचे, आणि दूध मात्र आटत चाललेले. एखाद्या घरातील मुलांची वह्या-पुस्तके दुधाच्या पैशांतून येत असतील, तर ते सहा आठवडे त्या घराला जड जातात. अनेकदा असे सहा-आठ महिने निघून जातात आणि गाय "वांझ" ठरवून विकली जाते. तिच्यात दोष असतोच असे नाही. कधी ती वेळेवर सांगत असते. ऐकायला गोठ्यात कुणी नसते.

हे काम तुमचे!

हे काम तुम्ही चांगले करू शकता. एक जुनी वही घ्या. प्रत्येक गायीसाठी एक पान ठेवा. त्यावर रकाने आखा: व्याल्याची तारीख, माज दिसल्याची तारीख व वेळ, दिसलेल्या खुणा, भरल्याची तारीख व वेळ. माजाच्या तारखेत २१ दिवस मिळवून येणारी तारीख कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने खूण करून ठेवा. त्या तारखेच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाळत ठेवा. भरलेल्या गायीचीही अशीच पाळत ठेवा. त्या सुमारास माज दिसला नाही, तर गाय गाभण राहिल्याची आशा धरता येते. मात्र खात्री डॉक्टरांच्या तपासणीनेच होते, कारण काही गाभण गायीही क्वचित माजाच्या खुणा दाखवतात.

एक सूचना ध्यानात ठेवा. माजावरील गाय अस्वस्थ असते. ती अचानक उडी घेते किंवा ढकलते. तेव्हा दुरूनच पाहा आणि तिच्या अगदी मागे उभे राहू नका.

दोन-तीन महिन्यांनी तुमची वही चाळून पाहा. तुमच्या गायीचे चक्र १९ दिवसांचे आहे की २२, ती आधी हंबरते की आधी वैरण सोडते, हे तुम्हांला त्यात दिसू लागेल. पुस्तकातील आकडे साऱ्या गायींचे असतात. वहीतील आकडे तुमच्या गायीचे असतील.

मग एखाद्या सकाळी फोनवर पुन्हा तो प्रश्न येईल, "माज कधीपासून आहे?" त्या वेळी घरातील मोठी माणसे एकमेकांकडे पाहणार नाहीत; तुमच्याकडे पाहतील. आणि तुम्ही वही उघडून सांगाल, "काल संध्याकाळी सहाला नव्हता. आज पहाटे साडेपाचला सोट दिसला. संध्याकाळी या!"